तीनशे पाहुणे, एक कात्री

गेल्या वैशाखात आमच्या आईची पंचाहत्तरी झाली. समारंभ घरचाच, पण घरचा म्हणता म्हणता त्रेचाळीस माणसे जमली. कोणी साताऱ्याहून आले, कोणी नाशिकहून. एक भाचा तर बंगळूरहून रात्रीच्या गाडीने आला आणि हातावरचे पाणी वाळते न वाळते तोच परतीच्या गाडीला पळाला. एवढी माणसे एका दिवसात आली, जेवली, हसली, थोडी रुसली आणि गेली. पण सगळी मिळून एका ठिकाणी पाच मिनिटेसुद्धा उभी राहिली नाहीत. मामा आले तेव्हा भाचा वाटेवर होता. भाचा पोचला तेव्हा मामा वामकुक्षीला गेले होते. मामा उठून चष्मा शोधीपर्यंत सातारकर मंडळी एस. टी.च्या थांब्यावर! सर्वांचा मिळून एक फोटो काढायचा, हे सकाळी सातपासून ठरले होते आणि संध्याकाळी सातपर्यंत ते नुसते ठरतच राहिले.

रात्री सगळे हळहळत बसलो असताना माझ्या थोरल्या भावाची मुलगी पुढे झाली. ती कॉलेजात शिकते. म्हणाली, "काका, कशाला जीव जाळता? माझ्याकडे सगळ्यांचे सुटे फोटो आहेत. चांगले सहाशे आहेत. मी कॉम्प्युटरवर एकेक माणूस कापून घेते आणि आजीभोवती उभं करते. कोलाज करू. छापून सगळ्यांना आठवण म्हणून पाठवू."

मी शाळेत मुलांना इतिहास शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. शिक्षण विचाराल तर मॅट्रिक. कॉम्प्युटरपुढे माझी मान आपोआप खाली जाते. तेव्हा मी "बरं बरं" म्हणून गप्प बसलो.

दोन दिवसांनी तिने पहिला खर्डा दाखवला. अंगण आमचेच होते, मधोमध आईची खुर्ची होती, भोवती माणसेही आमचीच होती. तरी पाहताक्षणी काहीतरी खटकले. मामांच्या नाकाची सावली उजवीकडे पडली होती आणि त्यांच्या शेजारच्या मावशीच्या नाकाची डावीकडे. जणू आमच्या अंगणात त्या दिवशी दोन सूर्य उगवले होते! भाचा मागच्या रांगेत उभा असूनही पुढच्या रांगेतल्या दादापेक्षा दीडपट मोठा दिसत होता. नाशिकच्या काकूंचे पाय जमिनीला टेकलेच नव्हते. त्या बिचाऱ्या वीतभर वर तरंगत होत्या.

पुतणी हिरमुसली. "कॉम्प्युटर एवढा हुशार, मग असं का होतं?"

मी म्हटले, "बाळ, यात कॉम्प्युटरचा दोष नाही. ही अडचण दीडशे वर्षांपूर्वीची आहे, आणि तिच्यावरचा तोडगाही तितकाच जुना आहे." आणि मग, मास्तरच मी, खुर्ची ओढून गोष्ट सांगायला बसलो. तीच गोष्ट आज वाचकांनाही सांगतो.

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीच्या काठी मॉन्ट्रियल हे शहर आहे. तिथला हिवाळा म्हणजे आपल्या महाबळेश्वरची थंडी नव्हे. तिथे नदी गोठते. घरात कोंडून बसण्याचा कंटाळा आला म्हणजे तिथले लोक पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावर घसरण्याचा खेळ खेळतात. या खेळासाठी १८६२ साली तिथे एक प्रशस्त इमारत उभी राहिली. तिचे नाव व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक. आतले बर्फाचे मैदान २०४ फूट लांब आणि ८० फूट रुंद, वर छप्पर आणि रात्री गॅसचे दिवे. या बर्फावर वेषांतराचे मेळे भरत. कोणी राजा व्हावे, कोणी कोळी व्हावे, कोणी विदूषक व्हावे आणि दिव्यांच्या उजेडात रात्रभर घसरावे, अशी ती मौज असे.

१ मार्च १८७० रोजी असाच एक मोठा मेळा भरला. त्या मेळ्याला राणी व्हिक्टोरियाचा तिसरा मुलगा प्रिन्स आर्थर हजर होता. वय अवघे एकोणीस. आपल्या पलटणीबरोबर तो तेव्हा मॉन्ट्रियलला आला होता. राजपुत्र येणार म्हटल्यावर शहरातल्या शिंप्यांना किती जागरणे पडली असतील याची कल्पना वाचकांनीच करावी! एवढी हौस झाली, पण तिची आठवण कशी राखायची? आमच्या घरी पडलेला प्रश्न मॉन्ट्रियललाही पडला होता.

त्या शहरात विल्यम नॉटमन नावाचा एक छायाचित्रकार होता. मूळचा स्कॉटलंडमधल्या पेझली गावचा, जन्म १८२६ चा. घरचा व्यापार बुडाल्यावर १८५६ साली तो कॅनडात आला आणि त्याने छायाचित्रांचे दुकान मांडले. सेंट लॉरेन्सवर व्हिक्टोरिया पूल बांधला जात असता त्याची छायाचित्रे काढून त्याने नाव मिळवले. माणूस धंद्यात हुशार आणि कलेत चोखंदळ. पण मेळ्यासमोर त्याचाही कॅमेरा लंगडा होता. का, ते सांगतो.

त्या काळी छायाचित्र काचेवर उमटवीत. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ती रीत प्रसिद्ध केली होती. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, मग ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. वाळली की काम बिघडले. पुन्हा चित्र उमटायला स्टुडिओच्या चांगल्या उजेडातही काही सेकंद लागत. तेवढा वेळ माणसाने हलायचे नाही. मान स्थिर राहावी म्हणून मागून लोखंडी चिमटा लावीत! आता सांगा, रात्रीची वेळ, गॅसचा पिवळट उजेड आणि बर्फावरून सुसाट घसरणारी शेकडो माणसे. काचेवर काय उमटणार? धुके!

नॉटमनने मग वेगळाच घाट घातला. पाहुण्यांनी आपापल्या सोंगाच्या पोशाखात, आपापल्या सवडीने, आपल्या स्टुडिओत यावे असे त्याने सुचवले. हौशी माणसे ती, येऊ लागली. एकेकाला उभे करून त्याने एकेक छायाचित्र घेतले. बर्फ आणायचा कुठून? तर घासूनपुसून लखलखीत केलेला जस्ताचा पत्रा पायांखाली घातला की बर्फ झाला! हिवाळ्याची इतर दृश्ये काढताना तो मीठ पसरून हिमाचा आणि मेंढीची लोकर रचून हिमाच्या ढिगाऱ्याचा भास करी.

पण कसब खरे पुढेच होते. संपूर्ण चित्राचा आराखडा आधी कागदावर पक्का केलेला असे. कोण पुढे, कोण मागे, कोणाचे तोंड कुठे, हे ठरवूनच माणसाला उभे करायचे. मागच्या रांगेतला माणूस लहान दिसायला हवा, म्हणून त्याचे चित्र त्या मापाने छापायचे. उजेड सर्वांवर एकाच बाजूने पडायला हवा. मग एकेक आकृती कात्रीने कातरायची आणि रंगवलेल्या पार्श्वभूमीवर चिकटवायची. हेन्री सँडहॅम आणि एडवर्ड शार्प हे नॉटमनच्या पदरचे चित्रकार. कडा झाकणे, पायांखाली सावली घालणे, मागचे छप्पर आणि पताका रंगवणे ही कामे कुंचल्याची. सुमारे तीनशे आकृती अशा बसवल्या. सगळे जुळले की त्या अवघ्या चिकटकामाचे पुन्हा एक छायाचित्र घ्यायचे, म्हणजे चिकटवल्याच्या खुणा बुजतात आणि हव्या तेवढ्या प्रती काढता येतात. त्या प्रती लहानमोठ्या आकारांत विकल्या गेल्या. ज्याने त्याने आपल्याला त्या गर्दीत शोधले असेल, आणि सापडल्यावर शेजाऱ्यालाही दाखवले असेल!

इथवर ऐकून पुतणी उठली आणि वही घेऊन आली. वहीत तिने तीन ओळी लिहिल्या: उजेड एका बाजूचा, उंची रांगेप्रमाणे, पायांखाली सावली. संध्याकाळी तिने भाच्याला लहान केले, मामांचे चित्र आरशातल्यासारखे उलटे करून सूर्य एका बाजूला आणला, आणि नाशिकच्या काकू एकदाच्या जमिनीवर उतरल्या. मामांचा खिसा मात्र डावीकडचा उजवीकडे गेला. तो तिने वेगळा कापून पुन्हा जागेवर शिवला. मी मनात म्हटले, सँडहॅमसाहेब, तुमची गादी चालवणारे आहेत बरं!

नॉटमन हा या कलेचा मूळपुरुष होता असे मात्र कोणी समजू नये. १८५७ साली ऑस्कर रेलँडर याने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भले मोठे चित्र इंग्लंडात मांडले. त्यात एका वाटेने सदाचार आणि दुसऱ्या वाटेने चैन दाखवली होती. राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्ह जोडून मरणोन्मुख मुलीचे आणि तिच्याभोवतीच्या घरच्यांचे चित्र केले. ते पाहून कित्येकांना वाईट वाटले. आणि ती मुलगी आजारी नव्हती, चित्रासाठी निजवली होती, हे कळल्यावर कित्येकांना रागही आला. कॅमेरा म्हणजे सत्यवचनी साक्षीदार, त्याने नाटक का करावे, असा तो राग होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी. तिचे काम आपल्याला पुढे पडणार आहे.

याच सुमारास कात्री घराघरांतही शिरली. पॅरिसच्या डिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४ साली भेटकार्डाएवढ्या लहान छायाचित्रांचा हक्क नोंदवला होता. ही चित्रे स्वस्त पडत. लोक ती एकमेकांना देऊ लागले, अल्बम भरू लागले. इंग्लंडातल्या खानदानी बायकांना मग नवा छंद लागला: मंडळींची चित्रे कातरायची, आणि आपण जलरंगात काढलेल्या बागेत, दिवाणखान्यात, कधी पंख्यावर, कधी पक्ष्याच्या डोक्याजागी ती चिकटवायची. लेडी फिल्मर या बाईंनी १८६० नंतरच्या दशकात केलेले एक पान प्रसिद्ध आहे. त्यात त्यांचा दिवाणखाना आहे. मेजावर अल्बम आणि खळीचे भांडे आहे. बाई स्वतः उभ्या आहेत. आणि मेजाला रेलून खुद्द युवराज, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स, विराजमान आहेत. बाईंचे यजमान? तेही आहेत. एका बाजूला, कुत्र्याजवळ, जरा लहान आकारात! पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ च्या सुमारास कागद चिकटवून चित्रे केली तेव्हापासून कोलाज हा शब्द कलेच्या जगात रूढ झाला. पण चिकटवण्याची हौस या बायकांनी त्याआधी पन्नास वर्षे भागवून घेतली होती.

आणि आपली मुंबई? तीही मागे नव्हती. मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रकारांची संस्था निघाली होती. तिथे विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज होता. त्याने मुंबईत दिसणाऱ्या नाना जातींच्या माणसांची छायाचित्रे काढली. एका ठिकाणी माणसांचा गट टिपायचा, दुसऱ्या ठिकाणी मुंबईचे एखादे दृश्य टिपायचे, आणि दोन्ही जोडून एक चित्र करायचे, ही त्याची रीत. १८६३ आणि १८६६ साली त्याचे दोन खंड निघाले. दुसरा खंड महाराष्ट्राचा आहे. म्हणजे मॉन्ट्रियलचा मेळा चिकटवला जाण्यापूर्वीच मराठी माणसे कात्रीखालून गेली होती!

पण या तीन कात्र्यांत मोठा फरक आहे. लेडी फिल्मरची कात्री इच्छेची. ज्याला आपल्या दिवाणखान्यात रेलून उभे पाहायचे, त्याला तिने आणून उभे केले. जॉन्सनची कात्री वर्गवारीची. त्याच्या चित्रांखाली जातीचे नाव आहे. माणसाचे नाव नाही. पागोटे, उपरणे, दागिने सारे टिपलेले आहे. पण हा गृहस्थ कोण, कुठल्या गल्लीत राही, हे कोणी विचारलेले नाही. नॉटमनच्या दुकानात मात्र नोंदवह्या होत्या. प्रत्येक छायाचित्राला क्रमांक होता आणि क्रमांकापुढे गिऱ्हाइकाचे नाव होते. १९५६ साली नॉटमनचा संग्रह मॉन्ट्रियलच्या मॅककॉर्ड संग्रहालयाकडे आला, तेव्हा त्या नोंदींमुळे ती गर्दी पुन्हा माणसांची झाली. त्या मेळ्याच्या चित्रातला सोंगाड्या पाहावा, आणि मग त्याच पोशाखातले, त्याच ढबीतले त्याचे सुटे छायाचित्र नावासकट पाहावे, असे आज अनेकांच्या बाबतीत करता येते.

त्या गर्दीतल्या एकाची तर आपल्याकडेही ओळख आहे. तो एकोणीस वर्षांचा प्रिन्स आर्थर पुढे ड्यूक ऑफ कॅनॉट झाला. १८८६ च्या अखेरीपासून १८९० पर्यंत तो मुंबई सेनेचा सरसेनापती होता. दिल्लीचे कॅनॉट प्लेस त्याच्याच नावाचे. मॉन्ट्रियलला कात्रीने कातरलेला राजपुत्र असा आपल्या इतिहासात येऊन चिकटला आहे.

आता माझ्या पुतणीच्या कात्रीकडे येऊ. तिची कात्री दिसत नाही. पण तिलाही वंशावळ आहे, आणि मौज अशी की तिच्या आरंभी एक तान्हे मूल आहे. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श या शास्त्रज्ञाने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो घेऊन तो एका प्रचंड गणकयंत्राला वाचायला दिला. यंत्राने त्याचे ठिपके केले: आडवे १७६, उभे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके. माणसाचे चित्र अंकांत उतरले ते असे, बापाच्या कौतुकातून. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. त्यात ठिपके अवघे दहा हजार, आणि एक चित्र गाण्याच्या कॅसेटसारख्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. नॉटमनच्या गिऱ्हाइकांनी इतका वेळ मान धरली असती का, देव जाणे!

१९८७ साली थॉमस नोल हा अमेरिकन विद्यार्थी पडद्यावर छायाचित्र दाखवण्याची एक क्लृप्ती घरच्या कॉम्प्युटरवर लिहीत होता. त्याचा भाऊ जॉन सिनेमातल्या करामतींच्या कंपनीत कामाला होता; त्याला तिचा उपयोग दिसला. दोघांनी मिळून ती वाढवली, आणि १९९० साली ती फोटोशॉप या नावाने बाजारात आली. लोकांना ती दाखवताना जॉन वापरी ते चित्र कुठले? समुद्रकिनाऱ्यावर पाठमोऱ्या बसलेल्या आपल्या भावी पत्नीचे, सुटीतले! तिची दुसरी प्रत काढून तो शेजारी बसवून दाखवी, आणि पाहणारे थक्क होत. १९९४ च्या आवृत्तीत तिच्यात थर आले. थर म्हणजे काय, तर जणू एकावर एक ठेवलेल्या स्वच्छ काचा. प्रत्येक काचेवर एक माणूस. हवी ती काच सरकवावी, वर घ्यावी, खाली घालावी, नाहीतर उचलून बाजूला ठेवावी. नॉटमनच्या चित्रकाराने एकदा खळ लावली की माणूस बसला तो बसला. इथे खळ वाळतच नाही.

खळ वाळत नाही, हेच सुख आणि हाच धोका. कसा, ते आमच्याच घरी दिसले.

चित्र होत आले होते. मोबाइलवरून पाठवलेली चित्रे वाटेत रोडावतात, म्हणून पुतणीने नातेवाइकांकडून मूळ चित्रे मागवली होती. बारा इंच बाय अठरा इंच कागदावर चांगले छापायचे तर इंचाला तीनशे ठिपके लागतात. हिशेब केला तर १ कोटी ९४ लाख ४० हजार ठिपके होतात. कर्शच्या बाळाला एकतीस हजारही लागले नव्हते! तिने खूप मेहनत घेतली. आणि शेवटी, कोणाला न सांगता, आणखी एक गोष्ट केली.

आमचे वडील, घरात सगळे त्यांना नाना म्हणत, त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांचा पांढऱ्या सदऱ्यातला एक फोटो तिने जुन्या अल्बममधून काढला, उजेड जुळवला, उंची जुळवली, पायांखाली सावली घातली, आणि आईच्या खुर्चीमागे उभे केले. एक हात खुर्चीच्या पाठीवर. इतके बेमालूम की मला भरून आले. दादा काही न बोलता खिडकीशी जाऊन उभा राहिला. आम्ही आईला बोलावले.

आईने चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिले. मग पुतणीला म्हणाली, "हे कधी आले गं?"

"आजी, मी घातलंय त्यांना. तुला आवडेल म्हणून."

"आवडलं. पण काढ." आई शांतपणे बोलत होती. "हल्ली मला आठवत नाही. सकाळी दूध आलं की नाही, ते दुपारी आठवत नाही. हे चित्र तुम्ही भिंतीवर लावाल, मी रोज बघेन. दोन वर्षांनी कोणी म्हणालं की पंचाहत्तरीला हे होते, तर मी हो म्हणेन. इतकी वर्षं मी ह्यांच्याशिवाय काढली आहेत, बाळ. ती पुसू नकोस. ह्यांचा फोटो समोर आहे, त्याला हार आहे. तो तिथंच राहू दे."

कोणालाच काही बोलवेना. आई अजून चित्रच पाहत होती. बोटाने एकेक डोके मोजत होती. मग चष्मा काढून म्हणाली, "आणि हिची आई कुठं आहे?"

आम्ही सर्वांनी वाकून पाहिले. वहिनी चित्रात नव्हती!

सहाशे फोटो पुन्हा धुंडाळले. वहिनी एकात सापडली: एक कोपर, बांगड्या आणि आमटीची पळी. त्या दिवशी ती पहाटे साडेचारला उठली होती. पुरण तिनेच घाटले, त्रेचाळीस पाने तिनेच वाढली, आणि प्रत्येक फोटोच्या वेळी ती कोणासाठी तरी काहीतरी आणायला आत गेलेली होती. तिच्या लेकीला ती दिसली नाही, नवऱ्याला दिसली नाही, आणि तीनशे पाहुण्यांचा इतिहास सांगत बसलेल्या मलाही दिसली नाही. मॉन्ट्रियलच्या मेळ्यातही असेच झाले असले पाहिजे: जो बर्फावर आला पण स्टुडिओत गेला नाही, तो चित्रात नाही. नोंदवहीत नाव नाही, तर दीडशे वर्षांनी कोण त्याचा शोध घेणार?

रॉबिन्सनवर रागावलेल्या लोकांची तक्रार मला त्या दिवशी नीट समजली, आणि नॉटमनच्या चित्राचा विश्वास का वाटतो, तेही समजले. ते तीनशे लोक त्या क्षणी तसे एकत्र उभे नव्हते. तो क्षण खोटाच आहे. पण राजपुत्राच्या मेळ्याला सजून निघालेली माणसे खरी आहेत, आणि नावासकट खरी आहेत. समारंभाची आठवण करताना क्षण जुळवून घ्यायला हरकत नाही; कोण आले होते, एवढे मात्र जुळवायचे नसते. आलेल्याला गाळणे आणि न आलेल्याला घालणे, या दोन्ही चुका सारख्याच. आणि आम्ही त्या दोन्ही एकाच चित्रात केल्या होत्या.

नाना चित्रातून निघाले. आईच्या खुर्चीमागची जागा आईच्या सांगण्यावरून मोकळीच राहिली. दुसऱ्या दिवशी वहिनीला अंगणात बोलावले. ती हसायलाच लागली. "आता महिन्याने काय साडी नेसून उभी राहू?" पण नेसली, तीच जांभळी साडी. पुतणीने तिला संध्याकाळी पाच वाजता डावीकडून ऊन घेऊन उभे केले. मघापासून वहिनीचा पदर कमरेला खोचलेला होता. लेक म्हणाली, "आई, पदर सोड ना, छान दिसेल." ओट्यावरून आईचा आवाज आला, "खोचलेलाच राहू दे. त्या दिवशी खोचलेलाच होता."

तेवढ्यात माझ्या लक्षात आले की सहाशे फोटो काढणारी मुलगी स्वतःही चित्रात नाही. तिला आईशेजारी उभे केले आणि बटण मी दाबले. फोटो जरासा हलला आहे. पुतणी म्हणते, "चालेल काका, नॉटमनच्या काळचा वाटतो."

प्रती छापून आल्या तेव्हा मी शाईची दौत घेऊन बसलो. प्रत्येक प्रतीच्या पाठीमागे तारीख घातली, डावीकडून उजवीकडे त्रेचाळीस नावे लिहिली, आणि खाली एक ओळ लिहिली: "ही सर्व माणसे त्या दिवशी घरी आली होती. एका वेळी एकत्र नव्हती. नंतर जुळवली आहेत."

आईने पहिली प्रत हातात घेतली, उलटी केली, आणि पुढची बाजू पाहण्याआधी नावे वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, एकेक करून.